तुरळक म्हणजे किती?

पावसाळ्यात सायंकाळच्या बातम्यांत किंवा मोबाइलवर आलेल्या संदेशात एक वाक्य हमखास असते: 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.' गोंदिया जिल्ह्यातील धानाचा शेतकरी हे वाक्य ऐकतो आणि आभाळाकडे बघतो. पऱ्हे रोवणीस आले आहेत, बांधीत चिखलणीपुरतेही पाणी नाही. मजूर उद्याच सांगावेत की चार दिवस थांबावे, एवढाच त्याचा प्रश्न असतो. या वाक्यातून त्याला उत्तर मिळते का, हे पाहू.

वाक्य वाटते तितके मोघम नाही. त्यातील बहुतेक शब्द हवामान विभागाने व्याख्येने बांधले आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर २५ टक्के केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढे 'बहुतेक सर्व ठिकाणी'. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला तर तो हलका पाऊस, १५.६ ते ६४.४ पर्यंत मध्यम आणि त्याच्यावर मुसळधार.

आता हिशेब करू. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४०४७ लिटर पाणी. तेव्हा 'हलका ते मध्यम' याचा अर्थ एकरी दहा हजार लिटरपासून दोन लाख साठ हजार लिटरपर्यंत काहीही! पहिल्या आकड्याने बांधीतली धूळ बसेल, दुसऱ्याने बांध फुटेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेल्या धानाच्या कडपा शेतात पसरलेल्या असतात, तेव्हा याच दोन टोकांमध्ये वर्षाची कमाई अडकलेली असते. आमचा पहिला आक्षेप इथे आहे. व्याख्या काटेकोर आहेत, पण त्या ऐकणाऱ्यापर्यंत कोणी पोचवल्याच नाहीत. आणि 'हलका ते मध्यम' अशी जोडी लावली की त्यांचा काटेकोरपणाही उरत नाही.

शास्त्राला मर्यादा आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकते, तेव्हा महाराष्ट्रात त्याचा पाऊस आधी आपल्याच भागात पोचतो. असा पाऊस दोन-तीन दिवस अगोदर बऱ्यापैकी सांगता येतो. गडगडाटी ढगांचे तसे नाही. असा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात विरूनही जातो. सालेकसा-देवरीच्या डोंगरांवर तो कोसळेल आणि तिरोड्याकडे वैनगंगेच्या सपाटीवर ऊन असेल. संगणकावरील प्रारूपे जमिनीचे चौकोन पाडून गणित करतात. १२ किलोमीटरचे चौकोन धरले तर सारा गोंदिया जिल्हा जेमतेम छत्तीस चौकोनांत मावतो. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमने हा चौकोन ६ किलोमीटरवर आणला. प्रगती मोठी आहे, पण एका चौकोनात अजूनही ३६ चौरस किलोमीटर आणि कित्येक शेतकऱ्यांच्या बांध्या येतात. 'तुमच्या गावाचा अंदाज' असे लिहिलेले दिसले की हे ध्यानात ठेवावे.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अंदाज अमुक टक्के बरोबर आले, असे सांगितले जाते, पण हे टक्के मोजले कसे? १८८४ मध्ये अमेरिकेत फिन्ली नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने चक्रीवावटळींचे २८०३ अंदाज केले. त्यांतील ९६.६ टक्के बरोबर ठरले. गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने लगेच दाखवून दिले की रोज डोळे मिटून 'वावटळ येणार नाही' असे म्हटले असते, तर ९८.२ टक्के यश आले असते! प्रत्यक्षात वावटळी झाल्या ५१. त्यांतील २८ फिन्लींनी आधी सांगितल्या होत्या, तर ७२ वेळा 'येणार' म्हणूनही ती आली नाही. गोंदियात जानेवारीभर 'हवामान कोरडे राहील' असे रोज सांगणाऱ्यालाही उत्तम गुण मिळतील. धान कापून पडला असताना आलेला अवकाळी पाऊस किती वेळा आधी सांगितला गेला, आणि किती वेळा उगाच सांगितला, हे तालुकावार छापले पाहिजे. पाऊस आला नाही की हवामान खात्यावर विनोद करणे सोपे. पण असा तक्ता मागणारे फार थोडे.

सल्ला पोचवणारी माणसेही कमी झाली. कृषी विज्ञान केंद्रांमधून उघडलेली देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. राज्यात महावेध प्रकल्पाने महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसवली, ते चांगलेच झाले. यंत्र आकडा पाठवते. पण 'आज फवारू नका, पाऊस औषध धुऊन नेईल' हे शेतकऱ्याच्या बोलीत सांगायला माणूसच लागतो.

शाळांना हा तक्ता स्वतः करता येईल. वहीत तीन रकाने आखावेत: अंदाज काय होता, पाऊस किती पडला, आणि 'पाऊस नाही' असेच रोज लिहिले असते तर किती चुकलो असतो. एका शाळेच्या नोंदीने फारसे कळणार नाही, पण एका तालुक्यातील दहा शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या की 'तुरळक' म्हणजे काय ते नकाशावरच दिसेल. मोजण्यासाठी सरळ उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर, झाडाछपरापासून दूर ठेवावा आणि साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये घ्यावी. तोंडाशी निमुळती बाटली तशीच वापरली तर उत्तर चुकते. गोळा करणारे तोंड आणि साठवणारे पोट यांचे क्षेत्रफळ वेगळे असते. का, ते आठवीच्या वर्गाला विचारून पाहावे. नोंद सकाळी साडेआठची हवी, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस तेव्हाच संपतो. शाळा त्यानंतर भरते; तेव्हा डबा शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या अंगणात ठेवणे बरे.