महाभारत टिकलं, पण कोणतं?

हिंदू संस्कृती हजारो वर्षं टिकली कारण तिचा गाभा बदलला नाही, हे वाक्य आपण इतक्या व्यासपीठांवरून ऐकलंय की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. आज आपण ते एका ग्रंथावर घासून पाहू. ग्रंथ महाभारत, आणि जागा पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर.

१९१९ साली तिथे चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ मध्ये वि. सी. सुखटणकरांनी सूत्रं हाती घेतली. १९४३ मध्ये ते गेले. पुढे बेलवलकर, मग प. ल. वैद्य, आणि काम पुरं झालं १९६६ मध्ये. काश्मीरची शारदा, केरळची मल्याळम, तेलुगू, ग्रंथ, बंगाली, नेवारी, अशा नाना लिप्यांतली बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली गेली. आणि मंडळी, त्यांत एकसारखी अशी पोथी सापडणं मुश्कील. नक्कल करणाऱ्यानं कुठे श्लोक घातले, कुठे अख्खं आख्यान.

द्रौपदीवस्त्रहरण घ्या. कृष्णाचा धावा आपल्या सगळ्यांच्या मनात पक्का बसलेला. सभापर्वाच्या चिकित्सक संहितेत त्या प्रसंगी हा धावा नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं, एवढंच. लगेच काही जण म्हणतात, बघा, भक्तांनी मागून घुसडलं! इतकं सोपं नाही ते. पुढे उद्योगपर्वात, त्याच संहितेत, कृष्ण स्वतः म्हणतो की मी दूर असताना तिनं गोविंद म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्यावर वाढत चाललंय. म्हणजे भर घालणारा लेखक परका नव्हता. ग्रंथातच पडलेलं बी त्यानं उगवू दिलं. गणपती लेखनिक झाला ती गोष्टही परिशिष्टात गेली, आणि तरी ती विसरायला कुणीही तयार नाही. आम्हीही नाही.

आता याला भेसळ म्हणायचं की वाढ? आमच्या मते वाढ. ताडपत्र आणि कागद दोन्ही आपल्या हवेत कुजतात, वाळवी लागते. दर काही पिढ्यांनी कुणीतरी बसून उतरवून काढलं नाही तर ग्रंथ संपला. आणि माणूस उतरवून काढतो ते त्याला अजून काही सांगणारं असतं म्हणून. कोपरगावचे नीळकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीत बसून ठिकठिकाणच्या पोथ्या जमवत होते, तेव्हा त्यांनी चांगलं वाटलं ते ठेवलं. सुखटणकरांच्या शिस्तीत ते बसत नाही. पण कित्येक पिढ्या आपण महाभारत वाचलं ते नीळकंठांच्याच पाठातून.

समुद्रापलीकडे तर आणखी गंमत. दहाव्या शतकाच्या अखेरीस जावात पर्वं जुन्या जावी भाषेत, गद्यात उतरली. पुढे जावा मुसलमान झालं, तरी छायाबाहुल्यांच्या खेळात अर्जुन-भीम राहिले; पोथ्या बालीत जपल्या गेल्या. पुण्याच्या संपादकांनी साक्ष म्हणून हे जावी पाठही तपासले. बदललेलं रूपच इथे जुन्याचा पुरावा ठरलं!

म्हणून आमची तक्रार संपादकांशी नाही, वाचकांशी आहे. चिकित्सक आवृत्तीला ‘शुद्ध महाभारत’ म्हणून डोक्यावर घ्यायचं आणि तळटीपा सोडून द्यायच्या, हे त्या पन्नास वर्षांच्या कामाचं अर्धंच वाचन. सुखटणकरांनी व्यासांचा हस्ताक्षरातला ग्रंथ मिळवल्याचा दावा कधी केला नाही. हाती आलेल्या पोथ्यांवरून जिथवर मागे जाता येतं तिथवरचा पाठ, एवढंच. पान उघडा: वर संहितेचे मोजके श्लोक आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची दाटी. काश्मीरनं काय ठेवलं, मलबारनं काय घातलं, बंगालनं काय वगळलं, ते सगळं तिथे नोंदलेलं आहे. पुढच्या वेळी आपण आदिपर्वाचं एखादं पान घेऊ आणि खालून वर वाचत जाऊ.