लॉर्ड्सबर्गच्या सावलीतले शेक्सपिअर

जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ (१९३९) मी पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या एका खेळाला, लोखंडी खुर्चीवर बसून. त्यानंतर किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. पण शेजारी नकाशा उघडून पाहिला तो अगदी अलीकडे, आणि तेव्हापासून त्याने मला स्वस्थ बसू दिलेले नाही.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. ॲरिझोनातल्या टोंटोहून न्यू मेक्सिकोतल्या लॉर्ड्सबर्गला निघालेली टपालगाडी. गाडीत गावाने हाकललेली डॅलस, दारुडा डॉक्टर, गरोदर अधिकारीपत्नी, पैसे घेऊन पळालेला बँकवाला आणि वाटेत चढलेला, तुरुंगातून पळालेला रिंगो. वाटेवर अपाची लोकांच्या हल्ल्याचे भय. काळ १८८०च्या सुमाराचा. मॉन्युमेंट व्हॅलीची दृश्ये, पाठलाग, जॉन वेनचा पडद्यावरचा पहिला प्रवेश यांवर भरपूर लिहिले गेले आहे. गाडी ज्या गावाला निघाली आहे त्या गावाची विचारपूस मात्र माझ्या वाचनात फारशी आलेली नाही.

खरे लॉर्ड्सबर्ग टपालगाडीचे गाव नव्हतेच. सदर्न पॅसिफिक रेल्वे तिथे पोहोचली ती १८८०च्या ऑक्टोबरात, आणि तिच्याबरोबरच ते वसले. टपालगाडीचे गाव होते त्याच्या दक्षिणेला दोन-अडीच मैलांवर. आज त्याचे नाव शेक्सपिअर.

या गावाला नावे पुष्कळ मिळाली. मुळात ते मेक्सिकन स्प्रिंग्ज, म्हणजे कोरड्या मुलखातला एक झरा. १८५८ ते १८६१ या काळात बटरफील्ड कंपनीच्या गाड्या टपाल घेऊन मिसूरीहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचे सुमारे २८०० मैल २५ दिवसांत कापत, त्या याच दक्षिणेकडच्या प्रदेशातून. स्टेज म्हणजे आपल्या भाषेत टप्पा. जनावरे बदलायची, पाणी भरायचे, दोन घास खायचे आणि पुढे निघायचे. म्हणून जिथे पाणी, तिथे ठाणे. यादवी युद्धानंतर जनरल ग्रँटच्या नावाने गावाला ग्रँट म्हणू लागले. १८७०च्या सुमारास चांदी सापडली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या विल्यम रॉल्स्टन या बँकवाल्याच्या नावाने ते रॉल्स्टन झाले. तो फुगा फुटला आणि नाव बदनाम झाले. मग १८७९ मध्ये खाणीच्या नव्या मालकांनी पत सावरण्यासाठी थेट शेक्सपिअरलाच वेठीस धरले. रस्ता ॲव्हन ॲव्हेन्यू, हॉटेल स्ट्रॅटफर्ड!

पुढच्याच वर्षी रेल्वे आली आणि गावाला बगल देऊन गेली. १८८१ मध्ये टपालगाडीच्या ठाण्यातल्या भोजनगृहाच्या तुळईला दोघा गुंडांना फाशी दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पण गाव संपवले ते गुंडांनी नव्हे, वेळापत्रकाने. १८९३च्या मंदीत खाणीही बंद पडल्या. पुढे विसाव्या शतकात खाणींसाठी रेल्वेचा एक फाटा आला तो थेट ॲव्हन ॲव्हेन्यूवरूनच टाकला गेला. ज्या रस्त्यावर कधी गाड्या थांबत, त्यावरून रूळ गेले. १९३५ मध्ये एका कुटुंबाने सारे गावच रँच म्हणून विकत घेतले, म्हणून काही मातीच्या भिंती तरी उरल्या.

यावर कोणी म्हणेल, चित्रपट म्हणजे भूगोलाचे पुस्तक नव्हे. मान्य. फोर्डच्या गाडीच्या वाटेवर ली’ज फेरी लागते. खरी ली’ज फेरी ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला, कोलोरॅडो नदीवर आहे. अपाची म्हणून घोडे दौडवणारे बहुतेक जण मॉन्युमेंट व्हॅलीतले नावाहो आहेत. ही स्वातंत्र्ये कलेची आहेत असे म्हणून सोडता येईल. लॉर्ड्सबर्गचे नावही फोर्डने घडवलेले नाही. अर्नेस्ट हेकॉक्सच्या १९३७च्या मूळ कथेच्या शीर्षकातच ते आहे. ‘शेक्सपिअरला निघालेली टपालगाडी’ म्हटले असते तर लोक हसलेच असते! पत वाचवण्यासाठी घेतलेल्या नावानेच गावाला दंतकथेबाहेर ठेवले, असे मला वाटते.

पण या सगळ्या स्वातंत्र्यांचा कल एकाच बाजूला आहे, ही माझी तक्रार आहे. ज्या रेल्वेने टपालगाडी मारली, तिच्याच गावाला टपालगाडीचा वारसा मिळाला. जिंकणाऱ्याने जमीन घेतली, वर आठवणही घेतली.

तरीही फोर्डला हे गाव कुठेतरी कळले होते, असे मी म्हणतो. ते चित्रपटाच्या शेवटी शोधू नये, मधोमध शोधावे. ॲपाची वेल्सच्या ठाण्यावर गाडी रात्रभर थांबते. बाळ जन्मते, दारुडा डॉक्टर पुन्हा डॉक्टर होतो, रिंगो डॅलसला मागणी घालतो. माणसे एकमेकांची होतात ती या टप्प्यावर; लॉर्ड्सबर्गला पोहोचल्यावर ती पुन्हा पांगतात, आणि रिंगो-डॅलसला तर सुखासाठी ते गाव सोडूनच जावे लागते. ठाणेदाराची अपाची बायको रात्री गाणे म्हणते आणि सकाळी निघून गेलेली असते. ठाण्याच्या नावात पाणी तिच्या लोकांचे. चित्रपटात मात्र तिच्या वाट्याला एक गाणे आणि एक रिकामी सकाळ.

मुक्कामाचे गाव नकाशावर राहते, टप्प्याचे पुसले जाते. ‘स्टेजकोच’ पुन्हा पाहाल तेव्हा शेवटच्या गोळीबारापेक्षा त्या विहिरीपाशी जरा जास्त रेंगाळा. शेक्सपिअर तिथे आहे.