नेवाशाची पोथी आणि माझी फ्लॉपी

नेवाशात शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज नाही. ग्रंथ टिकला तो नकलांवर. नकलांत अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आजच्या डिजिटायझेशनवर माझा आक्षेप इथेच आहे. स्कॅन करून डिस्क कपाटात ठेवली, की काम संपले असे धरतात. माझी १९९८ सालची टिपणे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. फ्लॉपीवरून सीडीवर, तिथून हार्डडिस्कवर नेलेली फाइल आजही उघडते. दिसतात मात्र निरर्थक रोमन चिन्हे. मजकूर युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडला, तर रफार जागोजागी सरकलेले. मी पाहिलेल्या एकाही अंदाजपत्रकात या ताडणीची तरतूद नव्हती.