मजुरीचे दार

कामगार कुशल असला की त्यास मजुरीही अधिक मिळते, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून इतकी रूढ आहे की ती पारखून पाहावी असे कोणास वाटत नाही. प्रा. ललित देशपांडे यांचा मुंबईच्या श्रमबाजारावरील १९८३ चा इंग्रजी ग्रंथ तिला धक्का देतो. शिक्षण व अनुभव सारखा असूनही कारखान्यातील कामगार आणि लहान कामशाळेतील कामगार यांच्या मिळकतीत अंतर राहते, हे त्याचे सार होय. मजुरी केवळ गुणांवर ठरत नाही. माणूस कोणत्या दाराने आत शिरला, यावरही ठरते. हे आवेशाने नव्हे, तर मोजणीने सांगितले आहे, हा या ग्रंथाचा मोठा गुण.

परंतु त्याची मोजणी मुंबईच्या वेशीपाशी थांबते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. यंत्रमाग त्यापूर्वीच वाढीस लागले होते; संपाने त्यांस बाजार अधिक मोकळा झाला. संघटनेने भिंतीच्या आत मजुरी वाढवून घ्यावी आणि धंद्याने भिंतच ओलांडून जावे, असा हा प्रकार. त्याची उकल १९८३ च्या ग्रंथाकडून मागणे अन्यायाचे होईल. पुढील अभ्यासकांकडून मात्र ती मागितलीच पाहिजे.

ती उकल शोधावयाची तर आमच्या विट्यासारख्या गावी यावे लागेल. यंत्रमागावरील मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. म्हणून वीज गेली वा सूत वाईट निघाले की खोटी कामगाराची. कांड्या भरणाऱ्या स्त्रियांस कोणत्या वर्गात घालावे? आणि व्यापाऱ्याच्या सुतावर विणून देणारा खर्चीवाला मालक म्हणावा की मजूर? मुंबईची चौकट येथे अपुरी पडते.

मजुरी वाढविली तर माग बंद पडतील, असे मालक म्हणतात. हे भय खोटे म्हणून झिडकारू नये, आणि न मोजता खरेही मानू नये. १९९२ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी तेथील व शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील ४१० उपाहारगृहांची वाढीपूर्वी व वाढीनंतर विचारपूस केली; नोकऱ्या घटल्याचे त्यांस दिसले नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. पुढे २०२१ साली कार्ड नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. तेथील निष्कर्ष उचलून विट्यास लावणे हास्यास्पद होय, कारण उपाहारगृहाचे गिऱ्हाईक दाराशी येते, कापडास मात्र दूरच्या बाजारात स्पर्धा करावी लागते. घ्यावयाची ती त्यांची रीत: आधी आणि नंतर, तेच प्रश्न विचारण्याची.

देशपांडे यांनी दार दाखविले. त्याबाहेर उभ्या असलेल्यांची मोजदाद जोवर होत नाही, तोवर मजुरीविषयीचे आपले शास्त्र हजेरीपटावर नाव असलेल्यांचेच शास्त्र राहील.