‘आपण’ आणि ‘आम्ही’ : फुटबॉलरसिकाच्या विजयकथनाचे एक अंग

एखाद्या फुटबॉल संघाने विजेतेपद मिळविले म्हणजे त्याच्या निष्ठावंत प्रेक्षकाकडून त्या हंगामाचे एक कथन हमखास निर्माण होते. ते कधी लेखरूप असते, कधी केवळ मौखिक. हंगामाचा आरंभ, मधले चढउतार, निर्णायक सामना आणि शेवटी ‘आपण जिंकलो’ हे वाक्य, असा त्याचा घाट ठरून गेलेला आहे. वृत्तपत्री समालोचनात त्याची गणना करून मोकळे होणे सोपे आहे. तथापि आत्मचरित्र आणि बखर यांच्या सीमेवरचे एक स्वतंत्र कथनरूप म्हणून त्याची चिकित्सा व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. येथे त्याच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे त्यातील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम. असे कथन कितपत खरे उतरले आहे याचा निर्णय पुष्कळदा या एका शब्दाच्या वापरावरून करता येतो, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

मराठीत या पुरुषाची व वचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही आता जेवायला बसतो’ असे यजमानाने म्हटले तर पाहुण्याने उठावयाचे असते. ‘आपण आता जेवायला बसू’ असे म्हटले तर त्याने हात धुवावयाचे असतात. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ व तेलुगूतही आहे. म्हणूनच काही अभ्यासक मराठी-गुजरातीतील या विशेषाचा संबंध द्राविडी भाषांच्या सान्निध्याशी जोडतात. प्रमाण हिंदीतील ‘हम’, बंगालीतील ‘आमरा’ आणि इंग्रजीतील ‘वी’ या शब्दांना मात्र दोन्ही कामे एकट्यानेच करावी लागतात. शिवाय मराठी ‘आपण’ला इतर अर्थही आहेत. ‘तो आपण होऊन आला’ येथे ते आत्मवाचक आहे, ‘आपण कोठून आलात?’ येथे आदरार्थी आहे, आणि ‘आपण कोणाला भीत नाही’ या बोलीतील वाक्यात तर ते चक्क एकवचनी आहे. विजयी संघाचा प्रेक्षक ‘आपण’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला कवेत घेण्याचा भाव त्यात असतोच. पण या शेवटच्या वाक्यातील फुशारकीची छटाही त्यात मिसळलेली असते.

या सर्वनामाचा विजयाशी असलेला संबंध मानसशास्त्रज्ञांच्याही ध्यानात आलेला आहे. रॉबर्ट सियाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना आपापल्या विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांविषयी विचारले होते. (हा फुटबॉल अर्थात अमेरिकन पद्धतीचा.) संघ जिंकला असता उत्तरांत ‘वी’ अधिक वेळा आढळले, हरला असता कमी. पराभवाच्या वेळी बोलणारा संघापासून अलग होतो, असा याचा अर्थ लावण्यात आला. निष्कर्ष मार्मिक आहे, परंतु तो इंग्रजीच्या मर्यादेत राहून काढलेला आहे. तेथे ‘वी’ आणि ‘दे’ एवढेच दोन पर्याय होते. मराठी प्रेक्षकापुढे तीन असतात. सहप्रेक्षकाशी बोलताना तो ‘आपण जिंकलो’ म्हणतो. प्रतिपक्षाच्या प्रेक्षकाला उद्देशून ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो. आणि पराभवानंतर ‘ते हरले’ असे म्हणण्याची सोय त्यालाही असते. खेळाडू मात्र वार्ताहरांसमोर ‘आम्ही’च म्हणतो, कारण घाम त्याने व त्याच्या सोबत्यांनी गाळलेला असतो, ऐकणाऱ्याने नव्हे. ‘आम्ही’वर खेळाडूचा हक्क उघड आहे. प्रेक्षकाचा ‘आपण’वरील हक्क कोठून येतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची कसोटी पाहणारा हंगाम महाराष्ट्रातील संघाच्या वाट्यास आलेला आहे. मुंबई सिटी या संघाने २०२०-२१ च्या हंगामात इंडियन सुपर लीगमधील साखळी-विजेत्याचे शील्ड आणि अंतिम करंडक ही दोन्ही मानचिन्हे पटकाविली. एकाच हंगामात दोन्ही मिळविणारा तो पहिला संघ. परंतु महामारीमुळे त्या हंगामाचे सर्व सामने गोव्यात, बंद दरवाज्यांआड झाले. मुंबईत एकही सामना झाला नाही आणि गोव्यातही मैदानावर प्रेक्षक नव्हते. संघातील बहुमताचा हिस्सा २०१९ साली परदेशी समूहाने घेतलेला होता. प्रशिक्षक सेर्गिओ लोबेरा स्पेनचे, बचावातील मुर्तदा फाल सेनेगलचा, अंतिम सामन्यातील निर्णायक गोल करणारा बिपिन सिंग मणिपूरचा. अशा स्थितीत अंधेरीच्या मैदानावर एरवी आरोळ्या देणाऱ्या प्रेक्षकाने घरी पडद्यासमोर बसून ‘आपण जिंकलो’ म्हणावे, याला आधार कोणता? स्थळ त्याचे नव्हते, मालकी त्याची नव्हती, आरोळीसुद्धा त्याची नव्हती.

आधार शोधावयाचा तर तो हंगामाच्या क्रमातच शोधावा लागतो. पहिलाच सामना नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ असा हरला. पुढे संघ अव्वल स्थानी चढला, पण फेब्रुवारीत बंगळूरु व जमशेदपूर यांच्याकडून लागोपाठ पराभव पत्करून मागे पडला. साखळीच्या अखेरच्या दिवशी, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीन गुणांनी पुढे असलेल्या एटीके मोहन बागानला २-० असे हरविल्यावर दोघांचेही ४० गुण झाले आणि परस्परांतील सामन्यांच्या आधारे शील्ड मुंबईकडे आले. उपांत्य फेरीत गोव्याविरुद्धचा निकाल पेनल्टींवर लागला. १३ मार्च रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात त्याच बागानने १८ व्या मिनिटास आघाडी घेतली. २९ व्या मिनिटास त्यांच्याच तिरीकडून स्वयंगोल झाला. आणि ९० व्या मिनिटास बिपिनने २-१ केले. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर ही कथा अन्यथा वळू शकली असती. २०१६ साली साखळीत पहिले येऊनही हा संघ उपांत्य फेरीत कोलकात्याच्याच संघाकडून बाद झालेला होता, हे जुन्या प्रेक्षकाला ठाऊक होते. हे ठाऊक असूनही तो पुढच्या सामन्याला पडद्यासमोर बसला, हाच त्याच्या ‘आपण’चा आधार होय. शंकेच्या काळात जो ‘ते’ म्हणून सुटला नाही, त्यालाच मागाहून ‘आपण’ म्हणता येते.

बहुतेक विजयकथने सामान्य ठरतात ती येथेच. शेवट माहीत असल्यामुळे लिहिणारा पहिल्या वाक्यापासून निश्चिंत असतो. पराभव त्याला ‘धडे’ वाटू लागतात, संधीसाधू गोल ‘नियती’ ठरतात आणि ‘आपण’ हे सर्वनाम पहिल्या परिच्छेदापासून फुकट वाटले जाते. या संदर्भात बखरींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘भाऊसाहेबांची बखर’ ही पानिपतच्या पराभवाची कथा असूनही मराठी वाचकाच्या मनात घर करून राहिली. शेवट ठाऊक असतानाही प्रसंगाप्रसंगातील अनिश्चितता जिवंत राहू शकते, याचे ते उदाहरण आहे. इंग्रजीत निक हॉर्नबी यांच्या ‘फीव्हर पिच’ (१९९२) या पुस्तकाचे यश याच गुणात आहे. आर्सेनलने २६ मे १९८९ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर अखेरच्या क्षणी विजेतेपद मिळविले, तो त्या पुस्तकाचा कळसाध्याय. परंतु त्याआधी अठरा वर्षांच्या विजेतेपदाविना गेलेल्या काळातील सामने एकेक करून वाचकाने भोगलेले असतात. विशेष म्हणजे हॉर्नबी यांनीही तो सामना दूरचित्रवाणीवरच पाहिला होता. मैदानावरील अनुपस्थितीने त्यांचे ‘वी’ उणे झाले नाही. मुंबईच्या २०२१ च्या प्रेक्षकालाही हाच न्याय लावावयास हरकत नसावी.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘आपण’ केवळ निष्ठेवर उभे असेल, तर त्याला बाहेर काही आधारच नको काय? पुण्याचा अनुभव या आक्षेपाला बळ देतो. एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ मध्ये स्थापन झाला, बालेवाडीत खेळला, २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि २०१९ मध्ये विसर्जित झाला. त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला आणि त्याने २० मार्च २०२२ रोजी केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून करंडक जिंकला. कागदोपत्री जागा तीच. परंतु पुण्याचा प्रेक्षक त्या रात्री ‘आपण जिंकलो’ म्हणू शकत नव्हता, आणि ‘ते जिंकले’ हे वाक्यही त्याच्या तोंडी नेमके बसत नव्हते. याच्या उलट कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ आहेत. तेथे संघाचे नाते पेठेशी असल्यामुळे ‘आपण’ला गल्लीचा पत्ता असतो, कोणा धनकोच्या निर्णयाने तो पत्ता पुसला जाणे अवघड आहे.

तेव्हा निष्ठा आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हे मान्य करावे लागते. व्यावसायिक संघाच्या प्रेक्षकाचे ‘आपण’ हे एकतर्फी सर्वनाम आहे. प्रेक्षक संघाला त्यात सामावून घेतो. संघाचे चालक त्याला आपल्या ‘आम्ही’त घेतीलच असे नाही. विजयाच्या हंगामात हा व्याकरणातील फरक कोणास जाणवत नाही, कारण दोन्ही वाक्यांची क्रियापदे सारखीच, ‘जिंकलो’ अशी असतात. संघ विसर्जित होतो तेव्हा तो उघडा पडतो. विजयाचे जे कथन हा फरक लपवीत नाही, संघावरचे आपले प्रेम सांगताना त्या प्रेमाची असुरक्षितताही नोंदविते, तेच टिकण्याच्या योग्यतेचे ठरेल. मराठीत अशा लेखनाची परंपरा अद्याप घडावयाची आहे. क्रीडासाहित्याचा अभ्यास हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रेक्षकांच्या मौखिक कथनांचा संग्रह करताना सर्वनामांची नोंद काळजीपूर्वक ठेवावी, आणि ती विजयानंतरच्याच नव्हे तर पराभवानंतरच्या व विसर्जनानंतरच्या कथनांतूनही घ्यावी, एवढीच सूचना येथे करावीशी वाटते.