रोगोपशमातील भविष्यकाळ : स्टीफन जे गूल्ड यांच्या एका निबंधाची चिकित्सा

कर्करोगविषयक आत्मपर लेखनाचा विचार करताना समीक्षेचे लक्ष प्रामुख्याने निदान, उपचार आणि मृत्यू यांकडे गेलेले दिसते. उपचार संपले आहेत, तपासणीत रोग आढळत नाही, परंतु तो परतणार नाही याची हमीही नाही, ही अवस्था तुलनेने उपेक्षित राहिली. समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी 'द वुंडेड स्टोरीटेलर' (१९९५) या ग्रंथात अशा माणसांच्या समूहाला 'रेमिशन सोसायटी' असे नाव दिले. मराठीत 'बरा झाला' आणि 'आजारी आहे' या दोहोंच्या मधला रूढ शब्द नाही. 'रोगोपशम' हा शब्द आहे, पण तो बोलण्यात नाही. या मधल्या अवस्थेत पुढच्या वर्षांची आखणी कशी करावी, या प्रश्नाच्या संदर्भात गूल्ड यांचा 'द मीडियन इझन्ट द मेसेज' (१९८५) हा निबंध महत्त्वाचा ठरतो.

जुलै १९८२ मध्ये गूल्ड यांना पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाल्याचे निदान झाले. निदानानंतरच्या आयुर्मानाचा मध्यक आठ महिने, असे वैद्यकीय ग्रंथालयात त्यांच्या वाचनात आले. सामान्य वाचक या आकड्याचा अर्थ 'आठ महिन्यांत मृत्यू' असा घेईल. गूल्ड दाखवून देतात की निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगतात, आणि आलेखाची डावी बाजू शून्यापाशी अडत असल्याने उजवी बाजू मात्र कित्येक वर्षे लांबू शकते. निबंधाचे खरे बळ याच्याही पुढे आहे. सरासरीला वास्तव आणि वैविध्याला केवळ अपवाद मानण्याची सवय प्लेटोच्या परंपरेतून आली, असे ते म्हणतात. उत्क्रांतीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने वैविध्य हेच वास्तव असते. येथे रुग्णाचा दिलासा व्यवसायातल्या विचारपद्धतीतून येतो. म्हणूनच तो भाबडा वाटत नाही.

तथापि, आलेखाला लांब शेपूट आहे यावरून आपण त्या शेपटात आहोत हे सिद्ध होत नाही. ती शक्यता आपल्या बाजूने का आहे, हे सांगताना गूल्ड कमी वय, लवकर झालेले निदान, आशावादी वृत्ती आणि सर्वोत्तम उपचार अशी कारणे देतात. यांपैकी शेवटचे कारण ओझरते येऊन जाते. हार्वर्डच्या प्राध्यापकाला उपलब्ध असलेले प्रायोगिक उपचार ही काही वृत्तीची बाब नव्हे. निबंधाची ही बाजू लंगडी आहे, असेच म्हणावे लागेल.

पॉल कलानिधी यांच्या 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' (२०१६) या पुस्तकात हाच प्रश्न अधिक उघडा पडतो. आलेख वाचता येणारा हा मेंदूशल्यविशारद आकडा मागतो, आणि त्याच्या डॉक्टर तो देत नाहीत. तीन महिने असतील तर कुटुंब, एक वर्ष असेल तर पुस्तक, दहा वर्षे असतील तर शस्त्रक्रिया, असा त्याचा हिशेब आहे; पण कोणता काळ वाट्याला येणार हे न कळताच तो शस्त्रक्रियागृहात परततो. जुलै २०१४ मध्ये त्याला मुलगी होते, मार्च २०१५ मध्ये त्याचा मृत्यू होतो. शक्यता विस्तारल्याने कोणते काम आधी हाती घ्यावे हे ठरत नाही, ही गूल्ड यांच्या युक्तिवादातील उणीव येथे स्पष्ट होते.

या उणिवेचे उत्तर निबंधात नसले, तरी गूल्ड यांच्या उर्वरित लेखनात शोधता येते. 'नॅचरल हिस्टरी' मासिकातील त्यांचे सदर १९७४ मध्ये सुरू झाले आणि २००१ च्या जानेवारीत तीनशेव्या लेखाने थांबले. आजारपणातही त्यात एका महिन्याचा खंड पडला नाही. त्याच काळात 'द स्ट्रक्चर ऑफ इव्होल्यूशनरी थिअरी' हा तेराशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ सुमारे दोन दशके आकार घेत होता. एक मुदत महिन्याची, दुसरीला मुदतच नाही. दोन्ही कामे एकाच वेळी चालू ठेवणे, हेच त्यांचे नियोजन होते. १९८५ मध्ये त्या ग्रंथाविषयी काही सांगता येण्यासारखे नसेलही, पण दरमहाच्या लेखाविषयी निश्चितच होते. निबंध मात्र त्याबाबत मौन पाळतो. ग्रंथ मार्च २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. २० मे रोजी गूल्ड यांचे निधन झाले, तेही पहिल्या रोगाशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच कर्करोगाने.