बलाकची चार मिनिटं

मिखाएल बलाकवर दोन प्रकारची रील्स सापडतात. एकात उदास पियानो वाजतो, पंच पिवळं कार्ड दाखवतात आणि खाली ओळ येते की हा जगातला सगळ्यात कमनशिबी फुटबॉलपटू. दुसऱ्यात दणदणीत संगीतावर त्याचे हेडर आणि लांबून मारलेले गोल. मी दोन्ही आवडीने बघायचो. मित्रांच्या ग्रुपवर वाद निघाला की 'बलाक? कायमचा उपविजेता!' असं ठोकूनही द्यायचो. मग एकदा २५ जून २००२चा जर्मनी विरुद्ध दक्षिण कोरिया हा सेऊलमधला उपांत्य सामना पुढे न ढकलता, सलग पाहिला. तेव्हा माझं ते मत मलाच उथळ वाटायला लागलं.

तो शिक्का हवेतून आलेला नाही, हे खरंच. २००० साली लेव्हरकुसेनला बुंडेसलिगा जिंकायला शेवटच्या सामन्यात फक्त बरोबरी हवी होती. उंटरहाखिंगसारख्या छोट्या क्लबविरुद्ध बलाकने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला, संघ ०-२ हरला. २००२ साली तीन सामने उरले असताना लेव्हरकुसेनकडे पाच गुणांची आघाडी होती. लीग एका गुणाने गेली, मग जर्मन कप गेला, मग ग्लासगोमध्ये चॅम्पियन्स लीग. आणि दीड महिन्यात वर्ल्डकपचा अंतिम सामनाही. २००८ मध्ये चेल्सीकडून पुन्हा तीच माळ: लीगमध्ये दुसरा नंबर, लीग कपच्या आणि चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये हार, आणि जूनमध्ये व्हिएन्नाला जर्मनीचा कर्णधार म्हणून स्पेनकडून पराभव. यात एक तपशील सहज विसरला जातो. मॉस्कोच्या पेनल्टी शूटआउटमध्ये चेल्सीची पहिली पेनल्टी बलाकने मारली आणि ती गोल झाली. पण हरलेल्या संघाची चुकलेली पेनल्टीच लोकांच्या लक्षात राहते.

त्याच्या नावावर चार जर्मन लीग विजेतेपदं आहेत, एक प्रीमियर लीग आहे, बायर्नसोबत तीनदा लीग आणि कप एकाच मोसमात आहेत. तरीही ही यादी देऊन त्याचा बचाव करणं मला पटत नाही. ट्रॉफ्या मोजून त्याला लहान ठरवणारे आणि ट्रॉफ्या मोजूनच मोठा ठरवणारे, दोघेही खेळ बघतच नाहीत. म्हणून सेऊलकडे वळतो.

७१वं मिनिट. स्कोअर ०-०. कोरियाचा ली चुन-सू चेंडू घेऊन जर्मन गोलच्या दिशेने सुटलाय. बलाक मागून त्याला पाडतो. पिवळं कार्ड. बाद फेरीतलं त्याचं हे दुसरं, म्हणजे संघ जिंकला तरी फायनल त्याच्यासाठी संपली. ७५वं मिनिट. उजवीकडून नॉयव्हिलचा पास येतो. बलाक उशिरा, मोकळ्या जागेत पोचलेला. उजव्या पायाचा फटका गोलकीपर अडवतो, परत आलेला चेंडू तो डाव्या पायाने आत घालतो. १-०.

रील्स या दोन गोष्टींचे दोन तुकडे करतात: एक त्यागाचा, एक पराक्रमाचा. मला त्यागाची गोष्ट जरा संशयास्पद वाटते. तो फाउल होता, प्रतिस्पर्ध्याची चांगली चाल चुकीच्या मार्गाने तोडलेली. त्याला आरती ओवाळायची गरज नाही. मला थक्क करतात ती मधली चार मिनिटं. आपल्याला फायनल नाही हे कळल्यावरही तो तीच धाव घेतो, जी एरवी घेतली असती. आधी स्वतःच्या गोलसमोरचं संकट मोडायचं, मग समोरच्या गोलपाशी नेमक्या क्षणी हजर व्हायचं. मधल्या फळीतल्या खेळाडूचं काम हेच. त्याची सगळी कला या दोन टोकांमधल्या अंतरात आहे, आणि एडिटिंगमध्ये नेमकं तेच अंतर कापलं जातं.

आता माझ्या मताच्या विरुद्ध जाणारा पुरावा. २०१०च्या एफए कप फायनलमध्ये त्याचा घोटा दुखावला आणि वर्ल्डकप हुकला. त्याच्याविना ओझिल, खेदिरा या पोरांच्या जर्मनीने इंग्लंडला ४-१ आणि अर्जेंटिनाला ४-० धुतलं. तो संघ जास्त वेगवान होता, बघायलाही जास्त देखणा. कर्णधारपद लामकडे गेलं ते गेलंच. सगळा खेळ एका धिप्पाड नेत्याभोवती फिरवायची कल्पनाच जुनी झाली होती, आणि बलाक त्या कल्पनेचा शेवटचा मोठा चेहरा होता. ९८ सामने आणि ४२ गोलांवर त्याची राष्ट्रीय कारकीर्द थांबली. उपविजेतेपदांपेक्षा ही टीका जास्त बोचरी आहे, कारण ती खेळावरची आहे. मला ती खोडता येत नाही.

पण कल्पना जुनी झाली म्हणून सेऊलची ती धाव जुनी होत नाही. २०१०च्या वर्ल्डकपपासून उपांत्यपूर्व फेरीनंतर आधीचं एकटं पिवळं कार्ड पुसलं जातं. हा नियम आठ वर्षं आधी आला असता, तर योकोहामात ब्राझीलसमोर बलाक मैदानात असता. तेव्हा जर्मनी जिंकली असती का, यावर आमच्या ग्रुपवर अजून वाद होतात. मी हल्ली त्यात पडत नाही. फक्त त्या सामन्याची लिंक टाकतो आणि सांगतो, ७१ ते ७५ बघा, मध्ये पुढे ढकलू नका.